धुतलेलं पेट्रोल

पिंपाची तोटी अर्धीच सोडायची, हे मामांना आता सवयीनं कळलं होतं. पूर्ण सोडली की तळाचं पाणी आणि वरचं पेट्रोल घुसळून निघे आणि रात्रभर निवळत ठेवलेलं फुकट जाई. ते बादलीवर वाकले आणि नाक पुढे करून उभे राहिले. आधी पाणी आलं, किंचित गढूळ, दवाखान्यातल्या कापसासारख्या वासाचं. मग वास बदलला. मामांनी तोटी बंद केली, कंबर धरून सरळ झाले आणि बादली घराच्या मागे भिंतीपाशी नेऊन ओतली. तिथलं गवत ताटाएवढ्या गोलात जळून गेलं होतं. पहिल्या दिवशी त्यांना त्याचं वाईट वाटलं होतं. आता ते बघून बरं वाटे. गवताला जे जाळतं ते आपल्या गाडीच्या पोटात गेलं नाही.

वीस लिटरमधले सोळा उरत. तेवढे ते डब्यात भरत, डब्याला चिंधी गुंडाळत आणि पडवीत सावलीला ठेवत.

गावात त्यांना बरंमामा म्हणत. मामा ते खरं तर पंपावर काम करणाऱ्या भाच्याचे, पण भाच्याचं ऐकून सगळ्यांचेच झाले होते. आणि 'बरं' हे त्यांचं उत्तर. कुणी काहीही म्हटलं की ते मान हलवून "बरं" म्हणत आणि गाडीत बसत. पूर्वी हे नुसत्या स्वभावामुळे होतं. चारचौघांत बोलायचं म्हणजे त्यांच्या कपाळावर घाम येई. गेल्या चार-पाच वर्षांत त्याला आणखी एक कारण मिळालं होतं. ते एकट्या मामींना माहीत होतं, आणि मामींना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

जाड आवाज त्यांना ऐकू येत. ट्रेलरची खडखड, इंजिनाची घरघर, गाईचं हंबरणं. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. आधी मनगटावरचं घड्याळ गेलं. मग चिमण्या. मग भरगर्दीत माणसाच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं. मामी होत्या तोवर अडलं नाही. त्या शेजारच्या सीटवर बसत, खिडकीत कोपर टेकून. चढाला ओझं जड झालं की इंजिनातून एक बारीक टिकटिक येते. ती मामींना गाडीच्याही आधी कळायची, असं मामा म्हणत. त्याला मामींचा एक शब्द होता. "दात वाजवतेय बघा," त्या म्हणत. "खाली घ्या." मामा गिअर खाली घेत. तीस वर्षांत त्या पिकअपचं इंजिन एकदाही उघडावं लागलं नव्हतं.

आता त्या सीटवर मामींची निळी उशी होती. मामा कुणाला गाडीत घेत नसत. वाटेत कुणी हात केला तर मान खाली घालून पुढे जात.

या वर्षी उन्हाळा दीड महिना आधीच येऊन बसला. त्याच सुमारास पंपावर नवी पाटी लागली. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे दारूच, पाचात एक भाग. मामांनी कधी पाटी वाचली नाही. पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी, भर चौकात, मागे ट्रेलरमध्ये कुणाची तरी चार वासरं असताना गाडी बंद पडली. जुने रबरी पाइप फुगून मऊ झाले होते आणि टाकीतला तीस वर्षांचा गंज सुटून फिल्टरमध्ये अडकला होता. मागे गाड्यांची रांग लागली. लोक हॉर्न वाजवत होते, आणि हॉर्न मामांना नीट ऐकू येत होते. वासरांच्या मालकानं दुसरी गाडी बोलावली. जाताना तो म्हणाला, "मामा, आता दोघांनीही घरी बसा. तुम्ही आणि ही."

"बरं," मामा म्हणाले.

ही गोष्ट शहरातल्या मुलीपर्यंत दोन दिवसांत पोचली. ती फोनवर मोठ्यानं बोले, त्यामुळे मामांना तिचं सगळं कळे. "बाबा, विकून टाका गाडी. इथे एक खोली रिकामी आहे. तिकडे एकटे काय करता?"

"बरं," मामा म्हणाले.

"बरं म्हणू नका नुसतं. शब्द द्या. पुन्हा एकदा रस्त्यात बंद पडली तर विकायची."

मामांनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ अंगणात, गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मुलीकडची ती खोली त्यांनी पाहिली होती. खोली चांगली होती. तिची खिडकी एका भिंतीवर उघडत होती.

मिस्त्रीनं पाइप बदलले, फिल्टर बदलला. त्याच्या शेडमध्ये दुसरा कुणी लोखंड कापत होता, ठिणग्या उडत होत्या. मिस्त्री हात पुसत पुसत काहीतरी सांगत होता. मामांना त्यातलं शेवटचं मिळालं: "...धुऊन घ्या, मगच भरा. कळलं का मामा?"

"बरं," मामा म्हणाले.

काय धुऊन घ्यायचं, हे विचारायला हवं होतं. ते त्यांना शेडच्या बाहेर पडतानाच कळलं होतं. पण परत फिरून, त्या गोंगाटात, दोन पोरांसमोर, "काय म्हणालास?" असं विचारायचं म्हणजे अंगावर काटा आला. घरी येऊन त्यांनी आपल्याच डोक्यानं जुळवलं. भरायचं काय? पेट्रोल. म्हणजे धुवायचंही तेच. नव्या पेट्रोलात दारू घालतात, एवढं गावभर झालं होतं. तेल-पाणी एक होत नाही, आणि दारू पाण्यात जाते, हे कोण जाणत नाही? त्यांनी मामींच्या खोकल्याच्या औषधाची रेघा असलेली बाटली काढली. आठ रेघांपर्यंत पेट्रोल, त्याखाली दोन रेघा पाणी. हलवून खिडकीत ठेवली. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी साडेतीन रेघांवर चढलेलं. मामांना आपण मोठा शोध लावल्यासारखं वाटलं. हे मामींना दाखवायला हवं होतं, असं वाटून ते वळले, आणि मग बाटली हातात घेऊन स्वयंपाकघरात उगाच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पिंप आणलं.

भाच्याला हे कळलं तेव्हा तो पंपाची नळी हातात धरून हसत सुटला. "मामा, पेट्रोल धुतं का कुणी? साबण कुठला लावता?"

"भेसळीचं विकता तुम्ही," मामा म्हणाले. भाच्याशी ते त्यातल्या त्यात बोलत.

"भेसळ नव्हे मामा, मिश्रण. पाटी वाचा की. भेसळ चोरून करतात, हे पाटी लावून केलंय."

"दारू ती दारूच."

"मग गाडी खूश असेल. तुम्हीच कोरडे."

आजूबाजूचे हसले. मामा डबे ट्रेलरमध्ये ठेवून निघाले. गाडी सपाटीवर सुरेख पळत होती. रिकाम्या ट्रेलरनं, अर्ध्या ओझ्यानं, कधी तक्रार नाही. धुतलेल्या पेट्रोलवर चार पावलं जास्तच चालते, असं त्यांना दिसलं होतं. चढ मात्र अजून लागला नव्हता.

चढ घेऊन पेटीवाल्या बाई आल्या. त्या मधमाश्या पाळत. चाळीस पेट्या, ओढ्याकाठच्या शेतात. पन्नाशीच्या, हाडकुळ्या, अखंड बोलणाऱ्या. मामांच्या अंगणात येऊन त्यांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच टोपीनं वारा घेतला.

"मामा, खाली फुलं संपली. एकूण एक. माश्या एकमेकींच्या पेट्या लुटायला लागल्यात. आठ दिवस अशाच राहिल्या तर मेल्याच समजा. घाटावर पठाराला सूर्यफूल उभं आहे. दोन खेपांत न्याल का?"

घाट म्हटल्यावर मामांनी सीटवरच्या उशीकडे पाहिलं.

"लोक म्हणाले, दुसरा बघा," बाई म्हणाल्या. "पण दुसऱ्याची गाडी आदळत जाते. पेट्या हलल्या की पोळी तुटतात. तुमची मला माहीत आहे. काकू होत्या तेव्हा तुम्ही माझ्या पहिल्या दहा पेट्या आणल्या होत्या. एक पोळं तुटलं नव्हतं. फक्त एक आहे, उन्हाआधी वर पोचायला हवं. दारं बंद असताना तापल्या तर मेण वितळून सगळ्या आत बुडून मरतील."

मामांना यातलं निम्मं ऐकू आलं. पण दहा पेट्या आणि काकू, हे आलं.

"बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर बाईंनी एकेका पेटीच्या दाराला जाळी ठोकली. वीस पेट्या दोघांनी मिळून ट्रेलरमध्ये चढवल्या. मामांचे गुडघे कुरकुरत होते. पेट्यांवर दोऱ्या ताणताना त्यांनी तळवा एका फळीवर ठेवला. आतली गुणगुण हाडांतून वर आली, जाड, संथ. ती त्यांना स्पष्ट ऐकू येत होती. त्यांनी हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.

उजाडता उजाडता निघाले. मामा उशी उचलायला वाकले, तोवर बाई तिच्यावर बसल्याही होत्या. "छान मऊ आहे," त्या म्हणाल्या. मामांनी काच खाली केली.

घाट सुरू होईतो बाई बोलत होत्या. राणी माशीबद्दल, घाटावरच्या तंबूबद्दल, दिराबद्दल, जो धडधाकट माणूस माशी दिसली की पळतो. मामा मान हलवत होते. तिसऱ्या वळणावर रस्ता उभा झाला. ट्रेलरनं मागे ओढ धरली. मामांनी पाय दाबला. गाडी चढत होती, पण अंगात जीव नसल्यासारखी. त्यांनी आणखी दाबला.

बाई बोलायच्या थांबल्या होत्या. पाचव्या वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं, मग पायाखाली पाहिलं.

"मामा, कुठे चमचे ठेवलेत का?"

"बरं."

"बरं काय? चमचे. चहाचे. कपात वाजल्यासारखे वाजतायत मघापासून."

मामांनी बाईंच्या ओठांकडे पाहिलं. "काय वाजतंय?"

"चमचे, चमचे."

"कधीपासून?"

"चढ लागल्यापासून. मला वाटलं तुमच्या गाडीचं असंच असतं."

मामांचा पाय आपोआप वर आला. गाडी लटपटली. पुढे दरीच्या बाजूला मुरूम टाकलेली जागा होती. त्यांनी गाडी तिथे घेतली आणि इंजिन बंद केलं. बंद करूनही ते दोन-तीन वेळा उचकी दिल्यासारखं धडधडलं. मग घाट एकदम गप्प झाला. निदान मामांना तरी तसं वाटलं.

"बंद पडली का?" बाईंनी विचारलं.

"मी बंद केली," मामा म्हणाले. दोन्हींत फरक होता. पण मुलीला तो पटला असता का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

ऊन समोरच्या डोंगरावर उतरलं होतं. अर्ध्या तासात ते इथवर येणार होतं. बाई मागे गेल्या आणि कॅनमधलं पाणी ओंजळीनं जाळ्यांवर शिंपडू लागल्या. गुणगुण चढली होती. मामांनी बॉनेट उघडलं. आतून तापलेल्या लोखंडाची वाफ तोंडावर आली. पाण्याची पातळी ठीक. पट्टा ठीक. सगळं जिथल्या तिथे.

"ओझं जास्त झालं का?" बाईंनी विचारलं.

"एवढं ओझं हिनं हसत नेलंय."

"मग नवं काय केलंत?"

मामांच्या कपाळावर घाम आला. ते बॉनेटच्या आडून बोलले. "पेट्रोल धुतलं."

"काय केलंत?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, पिंप, तोटी, वास. इतकं सलग ते वर्षात बोलले नव्हते. बाई हसल्या नाहीत. ओल्या हातानं मान पुसत म्हणाल्या, "पण धुवायला सांगितलं कुणी?"

"मिस्त्रीनं."

"आपल्या शेडवाल्या? अहो, तो मलाही म्हणाला. माझा पाण्याचा पंप नेला होता ना दुरुस्तीला. प्रत्येकाला म्हणतो तो. नवं पेट्रोल जुन्या गंजात ओतू नका. टाकी धुऊन घ्या, मगच भरा."

मामा बाईंकडे बघत राहिले.

"टाकी," ते म्हणाले.

"टाकी. नाहीतर काय?"

मामा पायरीवर बसले. महिनाभर रोज सकाळी वाकलेली कंबर त्यांना एकदम जाणवली. घरामागचं जळकं गवत आठवलं. एक शब्द. तोही दोन अक्षरांचा. तो विचारायला फार तर दहा पावलं परत जायला लागली असती.

"आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "मी पोळं धुतलं तर मध निघून जातो, राहतं मेण. तुमच्या धुण्यातही ताकदच निघून गेली नसेल कशावरून?"

मामांनी मान वर केली. दारूनं इंजिन चढावर दात वाजवत नाही, असं भाचा एकदा नळी हातात धरून काहीतरी बोलला होता खरा. त्या वेळी तेही 'बरं'मध्ये गेलं होतं.

"तुमच्या पाण्याच्या पंपासाठी घेतलेलं पेट्रोल आहे का बरोबर?"

"दहा लिटर. कालच भरलंय. तुमच्या भाच्याकडून, भेसळीचं."

"मिश्रण," मामा म्हणाले.

त्यांनी डबा टाकीत रिकामा केला. दोन्ही पेट्रोलं आत एक व्हावीत म्हणून बाईंनी पिकअप बाजूनं धरून हलवली, नुसता हात लावल्यासारखी, पण मामांना ते आवडलं. इंजिन लागलं.

"बाई, एक काम कराल? मला बारीक ऐकू येत नाही." हे वाक्य त्यांनी याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मामींना ते सांगावं लागलं नव्हतं. "चमचे वाजले की सांगा."

"आता नाहीत."

वळण आलं. मामांनी पाय दाबला.

"आता?"

"आहेत. थोडे."

गिअर खाली. "आता?"

"नाहीत. हां, आले. गेले."

अशीच ती उरलेली बारा वळणं गेली. आले, गेले. पाठीमागची माणसं हॉर्न देत पुढे निघून गेली. बाईंनी वाटेत दुसरा एक शब्द काढला नाही, त्यांच्या आयुष्यात हा विक्रमच असणार. पठारावर पोचले तेव्हा ऊन पेट्यांच्या झाकणांवर आलं होतं. बाईंनी धावत जाऊन पहिली जाळी उपटली. माश्या दारात येऊन थबकल्या आणि मग पिवळ्या रानाकडे सरळ रेघेत गेल्या. एका कोपऱ्यातल्या पेटीतून मात्र मेणाचा पिवळा ओघळ आला होता. बाईंनी ती उघडून पाहिली, पुन्हा झाकली आणि बाजूला ठेवली.

"एकच," त्या म्हणाल्या.

मामा टोपी हातात धरून उभे राहिले. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"माझ्यामुळे," ते म्हणाले.

"तुमच्यामुळेच. आणि एकोणीसही तुमच्यामुळे. उद्याच्या वीस आणा मात्र. मला इथून हलता येणार नाही, दीर भरून देईल."

उतरताना गाडी रिकामी होती. उशीला मधाचा वास येत होता. मामांना कळत होतं की उद्या त्या उशीवर कुणी नसणार.

घरी येऊन त्यांनी टाकी उतरवली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. तीनदा धुतली, उन्हात उपडी ठेवली, आत बोट फिरवून पाहिलं. पिंप कलंडवून कुंपणाशी लावलं. मग डबे न घेता, थेट गाडीच घेऊन पंपावर गेले.

"भरायचं? न धुता?" भाचा म्हणाला.

"भर." थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी तू काय सांगत होतास? चढाचं."

भाच्यानं नळी थांबवली. मामांनी कधी त्याला उलट प्रश्न विचारला नव्हता. तो जवळ आला आणि सावकाश सांगू लागला. मध्येच त्याच्या लक्षात काहीतरी आलं आणि त्यानं आवाज वाढवला. मामांनी ते पाहिलं. लाजही वाटली, आणि सगळं ऐकूही आलं. "चार महिन्यांनी फिल्टर बदला," भाचा शेवटी म्हणाला, "आणि मामा, महिनाभर धुतलेलं भरलंत, त्यावर घाट चढवलात. आत काय झालंय ते देव जाणे. उद्या घाटात कान ठेवा."

कान ठेवा. मामा गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना दिरानं अंगाला घोंगडी गुंडाळून, रात्रीच जाळ्या ठोकलेल्या पेट्या कशाबशा भरून दिल्या आणि दोऱ्या लांबूनच फेकल्या. मामा एकटेच निघाले. सपाटीवर ते गाडीचं बोलणं हातांनी ऐकू बघत होते. स्टिअरिंगवर, गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून. सगळं तळव्याला सारखंच लागत होतं. सतरा वळणं होती. आत एखादा पिस्टन दुखावला असेल आणि तो चढावर ओरडत असेल, तर ते ओरडणं रिकाम्या सीटला ऐकू जाणार होतं.

घाटाच्या तोंडाशी एसटीचा थांबा होता. बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं. तिनं हात केला नाही. पिकअप बघून तिनं उलट मान फिरवली.

मामा पुढे गेले. वीस-तीस पावलं गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली. बसून राहिले. आरशात ती म्हातारी अंगठ्याएवढी दिसत होती. मागे ट्रेलर होता, मागे घेणं शक्य नव्हतं. मामा उतरले आणि चालत परत गेले.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"लेकीकडे. पठारावर." म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडी यायला तास आहे. का?"

"मी तिकडेच चाललोय."

"भाडं किती?"

"भाडं नाही."

"मग नको," म्हातारी म्हणाली. "फुकट नेणाऱ्याबरोबर मी जात नाही. मागे काय भरलंय ते?"

"माश्या."

"काय?"

"मधमाश्या. बंद आहेत. चावत नाहीत." मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "भाडं म्हणून कान द्या. मला बारीक ऐकू येत नाही. चढाला गाडीनं दात वाजवले तर तेवढं सांगायचं."

म्हातारी गाठोडं काखेत मारून उठली. "माझा म्हातारा झोपेत दात वाजवायचा," ती म्हणाली. "तो आवाज मला पाठ आहे."

तिनं गाडीत चढून उशी थोपटली आणि तिच्यावर नीट बसली. मामांनी गाडी लावली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. म्हातारी गाठोड्यावर हात ठेवून समोर पाहत होती. तिसऱ्या वळणावर रस्ता उभा झाला, ट्रेलरनं मागे ओढ धरली. म्हातारीचे ओठ हलले.

मामांच्या तोंडात 'बरं' आलं होतं. त्यांनी ते गिळलं, पाय उचलला आणि तिच्याकडे वळले.

"काय म्हणालात?" ते म्हणाले. "पुन्हा सांगा."